सगळ्या गावाला बँकेची पाटी

बजेट जवळ आलं की आमच्या पानठेल्यावर एक वाद हमखास पेटतो. बँका एवढा नफा कमावतात, तर सरकारनं फक्त बँकांवर एक वेगळा कर लावावा की नाही? अर्धे म्हणतात लावाच, अर्धे म्हणतात गरिबाचंच नुकसान होईल, आणि आवाज चढले की सगळे माझ्याकडे वळतात, कारण मी बँकेतून रिटायर झालेला माणूस. मी म्हणतो, "बापहो, देशाचं देश पाहून घेईल. आमच्या गावानं हा प्रयोग कवाच करून पाह्यला. पंधरवड्यात अख्खं गाव बँक झालं होतं."

लोक हसतात आणि मला थाप मारणारा म्हणतात. थाप नाही हो. मी त्या पंधरवड्यात गावातली दारं हलवत फिरत होतो आणि माझ्या आयुष्यात तेवढी धमाल पुन्हा कधी आली नाही. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातली कापसाची पेठ, दिग्रसहून एस.टी.नं फार लांब नाही, एवढं पुरे. त्यातली काही मंडळी अजून हयात आहेत आणि सगळीच तापट आहेत.

बँकेत होतो म्हटलं की लोकांना काउंटरमागची खुर्ची दिसते. ती मला फार उशिरा मिळाली. मी गोदाम कीपर. हे काम आता कोणाला ठाऊक नाही म्हणून सांगतो. व्यापाऱ्याच्या गोदामात रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी पडलेल्या असतात, भाव चढेपर्यंत त्याला त्या विकायच्या नसतात, आणि हातात तर पैसा पाहिजे. बँक म्हणते, घे उचल, पण माल माझ्या कुलपात राहील. म्हणजे गोदाम त्याचं, माल त्याचा, कुलूप आमचं. कुलपाला कापड गुंडाळून त्यावर लाखेची मोहोर लागायची आणि दारावर पाटी ठोकायची, 'या गोदामातील माल बँकेकडे तारण आहे.' ती पाटी ठोकणारा, मोहोर लावणारा आणि रोज सकाळी फेरीवर निघून एकेक कुलूप हलवून पाहणारा तो मी.

कुलूप हलवायचं आणि दाराच्या फटीला नाक लावायचं. रुई ओली झाली की आंबूस वास येतो. आग असेल तर जळक्या चिंधीचा येतो, कारण रुईची आग बाहेरून दिसत नाही, गाठीच्या पोटात आठ-आठ दिवस धुमसत राहते. दारांना नाक लावत फिरणाऱ्या माणसाला गावानं काय म्हणावं? सुरुवातीला बरंच काही म्हणाले. मग 'कुलूपवाले भाऊ' हे नाव पडलं आणि तेच टिकलं.

पेठेत बँक नवी होती. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, सगळीकडं नव्या गोष्टींचं वारं होतं, पण व्यापाऱ्यांच्या मनात मात्र जुनीच भीती. आपल्या दारावर दुसऱ्याचं कुलूप म्हणजे बसलाच की धंदा! रतनशेठ आमचे सगळ्यात मोठे ग्राहक. त्यांचं कापसाचं जीन होतं, तीन गोदामं होती आणि प्रत्येक दारावर आमची पाटी होती. ती पाटी दिसू नये म्हणून ते तिच्यावर ज्वारीच्या कणसांचं भलं मोठं तोरण टांगत. दुपारपर्यंत चिमण्या तोरण फस्त करत आणि पाटी उघडी पडे. मग नवं तोरण. गावात तेवढ्या गुबगुबीत चिमण्या दुसरीकडं नव्हत्या.

एका दिवाळीला शेठाणीबाई अडून बसल्या. लक्ष्मीपूजनाला मालाची पूजा झालीच पाहिजे, दार उघडा. चाव्या मॅनेजरसाहेबांच्या तिजोरीत आणि साहेब दिवाळीला नागपूरला. मी हात जोडले. बाईंनी मग कुलपाचीच पूजा केली, आणि यथासांग केली. हळद, कुंकू, अक्षता, वर बत्तासा. तो बत्तासा चावीच्या भोकात विरघळला, मुंग्या लागल्या, आणि दिवाळीनंतर कुलूप उघडेना. आतल्या गाठी मुंबईला जायच्या होत्या आणि बाहेर ट्रक उभा होता. मी घामाघूम झालो, तेव्हा कोणीतरी म्हणालं, याकूब मिस्त्रीला बोलवा.

याकूब मिस्त्री शेठच्याच जिनात कामाला होता. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, त्यांना आम्ही रेचे म्हणतो, ती तो सांभाळायचा. तिशीतला, बारीक अंगाचा, कानावर कायम पेन्सिल. त्यानं कुलपात रॉकेल सोडलं, एक तार फिरवली, भोक साफ केलं आणि म्हणाला, "भाऊ, कुलूप तं भलतं गोड हाये तुमचं." त्या दिवसापासून आमची गट्टी जमली ती जमलीच.

त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं, लोखंड कातायचं आपलं स्वतःचं लेथ मशीन. रेच्याचा एखादा दांडा तुटला की तो कातून आणायला अकोल्याला पाठवावा लागे, तोवर ऐन हंगामात जीन बंद आणि मजूर घरी. गावात लेथ असलं तर अकोला कशाला? यवतमाळला एका दुकानदाराकडं जुनं पण धडधाकट मशीन विकाऊ होतं. याकूबभाई बँकेत आला. आमचे मॅनेजरसाहेब तरुण, नागपूरचे, नियमाला फार धरून. जमीन आहे? नाही. गाठी आहेत? नाही. मग तारण काय? याकूबभाई म्हणाला, मशीनच घ्या ना तारण. साहेबांना कल्पना पटली, पण तारण म्हणजे बँकेचं कुलूप, याशिवाय दुसरी पद्धत ना त्यांना ठाऊक, ना मला.

"साहेब, कुलपातलं मशीन फिरन कसं?" याकूबभाईनं विचारलं.

साहेब दिवसभर विचारात पडले. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, तुम्ही नाहीतरी रोज सकाळी फेरीला निघताच, याकूबच्या दुकानाचं कुलूप उघडत जा आणि संध्याकाळी लावत जा. आज कुठल्याही बँकवाल्याला सांगा, पोट धरून हसेल. पण याकूबभाईला केवढा आनंद झाला! त्यानं जिनाची नोकरी सोडली. एस.टी. स्टँडसमोर एक खोली भाड्यानं घेतली. आत सिमेंटचा चौथरा बांधला, त्यात मशीन कसायचे चार बोल्ट उभे केले आणि यवतमाळला बयाणा देऊन आला. किसन पेंटर आमच्या पाट्या रंगवायचा, त्याच्याकडून बँकेची पाटीसुद्धा आगाऊ करून घेतली. रतनशेठ जी पाटी चिमण्यांमागं लपवत, ती हा एस.टी.तून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला दिसेल अशी लावणार होता. बँकेनं मिस्त्रीवर भरवसा ठेवला हे दिग्रस-पुसदपर्यंत कळलं पाहिजे, असं म्हणायचा.

आणि नेमका तेव्हाच कर आला.

आमचे नगराध्यक्ष अण्णासाहेब. वकील, घरात तीन पिढ्या कचेरीचं काम, सचोटीचा माणूस, आणि बोलायला उभे राहिले की समोरचा झाडूवालासुद्धा थांबून ऐकेल असं वक्तृत्व. गावाला नळाचं पाणी द्यायचं हा त्यांचा ध्यास होता. नदीवर पंप बसला पाहिजे, टाकी झाली पाहिजे, आणि पालिकेच्या पेटीत तर खडखडाट. घरपट्टी वाढवावी तर लोक अंगावर येत. त्यांनी पेपरात वाचलं होतं की बाहेरच्या देशांत बँकांवरच कर बसवावा अशी चर्चा चालते. झालं, डोक्यात उजेड पडला. रुईच्या गाड्यांनी गावचे रस्ते फुटतात, त्या रुईवर बँक व्याज कमावते, आणि गावाला एक घागर पाणी देत नाही! मुद्दा बिनतोड होता, हे मी तेव्हाही मनात म्हटलं होतं आणि आजही म्हणतो.

सभेत अण्णासाहेब कडाडले, "आजवरचा प्रत्येक कर तुमच्या खिशातून गेला. हा पहिला कर असा आहे, जो या गावातला एकही माणूस भरणार नाही!"

काय टाळ्या पडल्या! मी दारात उभा होतो, माझेही हात टाळीसाठी वर गेले होते, मग आठवलं की आपण बँकेचे. लोकांनी एकमेकांना पानं खिलवली. असा कर जगात असू शकतो हे कोणाला माहीत होतं?

आता कर लावायचा तर कशावर? बँकेचं ऑफिस म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. म्हणून ठरावात असं लिहिलं की ज्या दारावर बँकेची पाटी आणि कुलूप आहे, ते दार बँकेचं समजावं आणि त्याची जबर पट्टी बँकेकडून घ्यावी. इथवर ठीक. पण अण्णासाहेब न्यायी माणूस. गावकऱ्यावर दुहेरी बोजा नको म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली, की अशा दाराची नेहमीची घरपट्टी मालकाला माफ. हरकती मागवल्या, पुढच्या सभेत पक्कं करून कलेक्टर कचेरीत मंजुरीला पाठवायचं ठरलं, आणि गावात दवंडी पिटली.

त्या एका ओळीकडं कोणाचं लक्ष गेलं नाही असं मला वाटलं होतं. मी वेडा. गावातल्या प्रत्येकाचं लक्ष फक्त तिकडंच गेलं होतं.

इकडं नागपूरच्या हेड ऑफिसहून निरोप आला तो वाचून साहेबांचा चेहरा पडला. असा कर लागत असेल तर ही शाखा बंद करून कारभार यवतमाळला न्यावा आणि निकाल लागेतो एकही नवं कर्ज देऊ नये. याकूबभाईची रक्कम मंजूर होऊन तशीच अडकली. यवतमाळचा दुकानदार म्हणाला, महिनाअखेर वाट पाहतो, मग मशीन दुसऱ्याला देतो आणि बयाणाही मिळणार नाही. मी ही बातमी सांगायला त्याच्या खोलीवर गेलो. तो चौथऱ्यावर बसून बोल्टांना तेल लावत होता, गंजू नयेत म्हणून. सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेल लावायला लागला. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

माझंही काही खरं नव्हतं म्हणा. शाखा गेली की कुलपं गेली आणि कुलपं गेली की कुलूपवाला कशाला? पण मला दुसरी नोकरी कुठंतरी मिळाली असती. त्याची तर सोडलेली नोकरी दुसऱ्याला लागून चुकली होती.

मग एका सकाळी मी फेरीला निघालो तो पाहतो काय, किराणा दुकानावर बँकेची पाटी! मी थबकलो. आपणच तर नाही ना ठोकली? पुढं गेलो, शिंप्याच्या दारावर पाटी. त्याच्या शेजारी पाटी. गल्लीत वळलो तर ओळीनं पाट्याच पाट्या. किसन पेंटरला आमचा मजकूर तोंडपाठ, त्यानं रात्रंदिवस रंगवायला घेतला होता. निळा रंग संपला तेव्हा हिरव्यात, हिरवा संपला तेव्हा लालमध्ये. लोहाराकडची कुलपं संपली, दिग्रसहून मागवली. कुठं कुलपाला फडकं बांधून त्यावर शेंदूर फासला होता, मोहोर म्हणून. आणि रतनशेठ! त्यांनी तोरण काढून टाकलं होतं आणि नोकराला शिडीवर चढवून आमची पाटी खोबरेल तेलानं पुसून घेत होते. मी रस्त्यात उभा राहून इतका हसलो की नाकाला रुईचा वास येईना.

हसू फार टिकलं नाही. पुढच्या सभेच्या आत किती दारं बँकेची आहेत हे अण्णासाहेब स्वतः फिरून ठरवणार होते, आणि खरं कुलूप कोणतं हे सांगायला साहेबांनी मला त्यांच्याबरोबर दिलं. ही बातमी फुटली मात्र, माझा भाव वधारला. वाटेत जो भेटे तो हात धरे. एक शब्द बोला भाऊ, 'आमचं' म्हणा, तुमच्या बापाचं काय जाते? भरणार तर बँक! घरात सुपारी आली, भेंडी आली, एक जिवंत कोंबडी आली ती परत नेऊन देताना माझी पुरेवाट झाली. मी 'आमचं' म्हटलं असतं तर गावाची घरपट्टी माफ, मी गावाचा लाडका, आणि शाखा मात्र त्याच आठवड्यात गुंडाळली असती. मला डोळ्यांपुढं चौथऱ्यावरचे ते चार बोल्ट दिसत.

फेरीच्या दिवशी गावानं कामधंदा बंद ठेवला होता की काय कोण जाणे. पुढं अण्णासाहेब, काळा कोट, हातात छत्री, शेजारी मी, आणि मागं कुस्तीच्या फडाला निघाल्यासारखी गर्दी. रतनशेठचं पहिलं गोदाम आलं. मी कुलूप हलवलं, मोहोर पाहिली, म्हणालो, "आमचं." लोकांनी गलका केला. दुसरं, तिसरं, तेही आमचं. मग शेठचं राहतं घर. तिथंही पाटी. शेठ माझ्याकडं पाहून गोड हसले. मी कुलूप हलवलं.

"आमचं नाही."

गलका बंद. शेठचं हसूही बंद. पुढं गणपत न्हाव्याचं दुकान, हिरवी पाटी. अण्णासाहेबांनी दरडावून विचारलं, काय तारण आहे बँकेकडं? "वस्तरा, जी," गणपत म्हणाला, "अन धार लावाचा पट्टाबी." आमचं नाही. एकाच्या गोठ्यात कडबा तारण होता. एकाची सासू तारण होती असं मागून कोणीतरी ओरडलं. पालिकेच्या स्वतःच्या कोंडवाड्यावरसुद्धा पाटी. तिथल्या रखवालदारानं भाबडेपणानं सांगितलं, सारेच लावून राह्यले म्हणून मीबी लावली साहेब. अण्णासाहेबांचा चेहरा काळ्या कोटावर लाल होत चालला होता आणि माझा घसा 'आमचं नाही, आमचं नाही' म्हणून कोरडा पडला होता.

मग माझी घरमालकीण गौराबाई. एकटी बाई, दोन बकऱ्या, आणि मला त्या घरात लेकासारखं जेवू घातलेलं. बकऱ्यांच्या छपराला लाल पाटी. ती माझ्याकडं बघत राहिली. मी कुलूप हलवलं. त्या क्षणाला वाटलं, मरो ते हेड ऑफिस. पण एकदा 'आमचं' म्हटलं की पुढच्या दारापाशी काय तोंडानं नाही म्हणायचं? "आमचं नाही," म्हणालो. गौराबाई म्हणाली, "व्हय बापा, तुमचं काहून राहीन?" ती पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मला त्या दिवसांची हळहळ आजही आहे.

त्यानंतरचा वाडा अण्णासाहेबांचा स्वतःचा. ते न थांबता पुढं चालले होते, पण गर्दी थांबली. कोणीतरी खुदकन हसलं. अण्णासाहेबांनी मान वर केली. त्यांच्या ओसरीच्या खांबाला, निळ्या रंगात, किसन पेंटरच्या सगळ्यात सुबक अक्षरात, बँकेची पाटी. निळा रंग होता म्हणजे पहिल्याच दिवशी करून घेतलेली.

दारात त्यांच्या आईसाहेब उभ्या. अण्णासाहेब पाटीकडून त्यांच्याकडं वळले. आईसाहेबच बोलल्या, "असा काहून पाह्यतं? तूच तं म्हनला, पाटी लावली का घरपट्टी माफ. लेकाचं आयकाव नाई तं कोनाचं आयकाव?"

मग जो हशा उसळला तो अजून माझ्या कानात आहे. गणपत रस्त्यावर बसला. रतनशेठसुद्धा हसले. मला तर हसावं की पळावं कळेना. अण्णासाहेबांनी छत्री काखेत मारली आणि कोणाकडं न पाहता तरातरा चालू लागले. मी मागं, गर्दी माझ्या मागं. ते स्टँडपर्यंत आले आणि एका उघड्या दारापाशी थांबले. त्या सबंध रस्त्यावर पाटी नसलेलं ते एकच दार होतं. आत रिकामा चौथरा आणि त्यात चार बोल्ट. याकूबभाई हात पुसत बाहेर आला.

"मिस्त्री, तुमची पाटी कुठे आहे?" अण्णासाहेबांनी चिडूनच विचारलं.

"घरी हाये साहेब. झाकून ठेवली."

"का? तुम्हाला माफी नको?"

"मशीन आल्याबिगर लावत नाई जी. रिकाम्या चौथऱ्यावर पाटी लावली तं थे बँकेची बेइज्जती, अन माहीबी."

अण्णासाहेब चौथऱ्याकडं पाहत होते. मशीन का आलं नाही, असं त्यांनी विचारलं. याकूबभाईनं माझ्याकडं पाहिलं. मला तोंड उघडावं लागलं. हेड ऑफिसचा निरोप, अडकलेली रक्कम, यवतमाळचा दुकानदार, सगळं सांगितलं. जो कर गावातला एकही माणूस भरणार नव्हता, तो आतापर्यंत याच्या एकट्याकडून वसूल झाला आहे, हेही बोलून गेलो. माझा स्वभाव तापट, जीभ त्याहून. वाटलं, आता छत्री डोक्यात बसते. अण्णासाहेब एवढंच म्हणाले, "मला हे कोणी सांगितलं कसं नाही?" आणि घरी गेले.

पुढच्या सभेला पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णासाहेब उठले आणि ठराव मांडण्याऐवजी त्यांनी तो मागं घेतला. भाषण लांबलचक होतं, सगळं आठवत नाही. पण ते म्हणाले की एकट्या बँकेला पकडायला गेलो आणि पकडला गेला दुसराच, बँकेला हात लागलाच नाही. पाण्याचा पैसा मात्र पाहिजेच. तेव्हा पेठेत कापसाची की रुईची जी गाडी येईल, शेठची असो, बँकेच्या कुलपातली असो की माझ्या शेतातली असो, प्रत्येकीनं थोडं थोडं द्यावं. पानं कोणी खिलवली नाहीत. कुरकुर झाली, खूप झाली, पण हात वर झाले. मी या वेळी उघडपणे टाळी वाजवली.

आठवड्यात याकूबभाईची रक्कम सुटली. मशीन ट्रकनं आलं तेव्हा पेठेत जत्रा होती जणू. दोरखंड बांधले, खाली लाकडी ओंडके सारले, हमाल, जिनातले मजूर, गणपत न्हावी, सगळे ओढायला लागले. अण्णासाहेबांनी कोट काढून दोर धरला. मशीन चौथऱ्यावर चढलं आणि चारही बोल्ट भोकांत असे बसले की याकूबभाईनं डोळेच मिटून घेतले. मी पाटी ठोकली, निळी, आधीच रंगवलेली. खाली गौराबाई उभी होती. म्हणाली, "हे तुमचं हाये ना? मंग ठीक हाये." आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं. पुढं पालिकेचा पंप बसला, त्याचा दांडा तुटला, आणि तो कातायला अकोल्याला न्यावा लागला नाही.

अण्णासाहेब पुढची निवडणूक हरले. गाडीपट्टी कोणी विसरलं नाही, नळाचं पाणी सगळे विसरले. त्याचं वाईट वाटतं. आणि आमच्या बँकेनं त्या पाण्यासाठी स्वतःहून काही दिलं का? छदामही नाही. म्हणून पानठेल्यावर वाद निघाला की मी कोणा एकाची बाजू घेत नाही. कर लावा की नका लावू, पण लावण्याआधी एकदा दारोदार फिरा, एवढंच सांगतो.

मशीन सुरू झाल्यापासून माझी फेरी याकूबभाईच्या दारापाशी संपू लागली. सकाळी मी मोहोर तोडायची, कुलूप काढायचं, त्यानं 'बिस्मिल्ला' म्हणून चाक फिरवायचं आणि मग दोघांनी चहा प्यायचा. संध्याकाळी पुन्हा कुलूप, पुन्हा लाख. पाऊस असो, ताप असो, त्याच्या घरी लग्न असो. एकदा मी उशिरा पोचलो तर तो आणि त्याची दोन गिऱ्हाइकं पायरीवर गप्पा मारत बसले होते, कुलपाला हात न लावता. असं वर्षानुवर्षं चाललं आणि एक दिवस त्याचं कर्ज फिटलं. संध्याकाळी मी हातोडी घेऊन गेलो. पाटी काढली, आमचं कुलूप काढून पिशवीत टाकलं आणि त्याला म्हणालो, याकूबभाई, मोकळे झाले तुम्ही.

त्याचा चेहरा काही मोकळा दिसेना. त्यानं खिशातून एक नवं कोरं कुलूप काढलं, स्वतःच्या हातानं दाराला लावलं आणि चावी माझ्या हातात ठेवली.

"भाऊ, सकाळी तुमी उघडल्याबिगर माहा हात चालत नाई," तो म्हणाला.

मी नियम सांगायला तोंड उघडलं, मग चावी खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा फेरीला निघालो. रतनशेठची तीन गोदामं झाली, पेठेतली बाकीची झाली, आणि शेवटी स्टँडसमोरच्या दारापाशी आलो. वर पाटी नव्हती, मोहोर नव्हती. सवयीनं कुलूप हलवून पाहिलं. आमचंच होतं.